सम आकड्यांची बिलं

“अहो, सम आकड्यांची बिलं कुठंयत?”

मार्चएंडचे दिवस होते आणि फोनवर एका हार्डवेअर दुकानाचे हिशेब बघणारे काका होते. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर त्या दुकानात चालतं. काकांनी फेब्रुवारीची सगळी बिलं छापून समोर ठेवली होती: ४७११, ४७१३, ४७१५, ४७१७. सगळी विषम, सम एकही नाही. “उद्या जीएसटीवाल्यांनी विचारलं, मधली बिलं दुसऱ्या पुस्तकातून फाडता का, तर मी काय सांगू त्यांना?”

प्रश्न रास्त होता. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाला एकाआड एक बिल गायब दिसलं, तर त्याच्या मनात जे यायचं तेच आलं होतं. खरं कारण अगदीच निरुपद्रवी होतं. दुकानाचा डेटा दोन सर्व्हरवर होता. एकाने विषम आकडे वाटायचे, दुसऱ्याने सम, असं ठरलेलं. दुसरा सर्व्हर अडीअडचणीला म्हणून ठेवलेला. नोंदी सगळ्या पहिल्यावरच पडत होत्या, त्यामुळे सम आकडे जन्मालाच आले नव्हते. आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर मुळात लिहिलं, त्यांनी डेटाबेसच्या टेबलात प्रत्येक नोंदीला पडणारा अंतर्गत नंबर, म्हणजे आयडीच, उचलून बिल नंबर म्हणून छापला होता. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तरी ऐकायला तो बहाणाच वाटत होता.

सर्व्हर एकच असतो तोवर या गोष्टींचा विचार करायची वेळ येत नाही. टेबलात आयडीचा कॉलम घ्यायचा, त्याला ऑटो-इन्क्रिमेंट लावायचं, म्हणजे दर नव्या नोंदीला पुढचा आकडा आपोआप मिळतो, आणि विसरून जायचं. पण एक सर्व्हर पडला तर दुकान बंद पडू नये म्हणून दुसरा आणला, दोघांनी एकमेकांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या असं जोडून दिलं आणि दोघांवरही लिहायला सुरुवात केली, की घोळ सुरू. दोघांच्याही मोजणीत पुढचा आकडा ४७१२ असतो. याने आपल्याकडच्या बिलाला ४७१२ दिला, त्याने त्याच सेकंदाला आपल्याकडच्या बिलाला ४७१२ दिला. मग दोघं एकमेकांचा लॉग, म्हणजे झालेल्या नोंदींची यादी, वाचायला घेतात आणि दोघंही अडतात: डुप्लिकेट एन्ट्री, एरर १०६२. मायएसक्यूएल या डेटाबेसवर काही वर्षं काढलेल्या माणसाला झोपेतून उठवून नुसतं ‘१०६२’ म्हणा, तो आधी लॅपटॉप शोधेल.

अडलेलं रेप्लिकेशन, म्हणजे हे एकमेकांच्या नोंदी उतरवून घेणं, पुढे ढकलायचा एक झटपट उपाय आहे, स्किप काउंटर. म्हणजे ही एक नोंद सोडून दे आणि पुढचं वाच. रात्री दोन वाजता हा उपाय फार गोड वाटतो. रेप्लिकेशन धावू लागतं, स्क्रीनवरचं लाल हिरवं होतं, आणि आता एका सर्व्हरवर ४७१२ म्हणजे दोन पोती सिमेंट, तर दुसऱ्यावर ४७१२ म्हणजे अर्ध्या इंचाचे सहा बॉल व्हॉल्व्ह. कोणत्या सर्व्हरला विचाराल त्यावर उत्तर अवलंबून. माझ्या मते ही कमांड इतकी सोपी ठेवायलाच नको होती.

विषम-समची वाटणी हा यावरचा सगळ्यात स्वस्त तोडगा. मायएसक्यूएल ५.० पासून त्यासाठी दोन सेटिंग आहेत: आकडा कितीने वाढवायचा आणि सुरुवात कुठून करायची. दोन्हीकडे वाढ २. एकाची सुरुवात १, दुसऱ्याची २. यानंतर दोघांना एकमेकांशी अवाक्षर बोलावं लागत नाही. मधली लाइन तुटली तरी दोघं रात्रभर बिलं फाडत बसतील आणि सकाळी जुळवताना एकही आकडा धडकणार नाही. तिसरा सर्व्हर आला की मात्र पंचाईत. २ ची वाढ ३ करायची तर ती सगळीकडे एका दमात करावी लागते आणि आधी वाटून झालेल्या आकड्यांच्या पुढे सगळ्यांना सरकवावं लागतं. म्हणून शहाणी माणसं दोनच सर्व्हर असतानाही वाढ १० ठेवतात. मायएसक्यूएलचे अनेक सर्व्हर एकत्र बांधणारं गॅलेरा क्लस्टर हे स्वतःच सांभाळतं. नोड, म्हणजे त्यातला एखादा सर्व्हर, आला-गेला की वाढ बदलते, आणि आकड्यांमधली भोकंही त्याप्रमाणे लहानमोठी होतात.

रेल्वेच्या पीएनआरमध्येही अशीच वाटणी आहे. आरक्षणाची यंत्रणा पाच केंद्रांवर उभी राहिली: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद. पीएनआरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कोणत्या केंद्राचा ते कळतं. मुंबईचे ८ ने सुरू होणारे पीएनआर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मुंबईच्या केंद्राला नवा पीएनआर द्यायला चेन्नईला विचारावं लागत नाही. इथे सम-विषम नाही, आडनाव लावल्यासारखा पहिला आकडा आहे, एवढाच फरक.

काकांचं काय केलं ते सांगून टाकतो. बिल नंबर आणि आयडी यांची फारकत करून टाकली. सीजीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसचा नंबर ओळीने हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. मालिका मात्र एक असो वा अनेक, चालते. हा ‘अनेक’चा तुकडा ज्या कुणी घातला त्याला एका मालकाच्या चार काउंटरांची भानगड ठाऊक असणार. आता प्रत्येक काउंटरची स्वतंत्र मालिका आहे. पण ‘ओळीने’ म्हणजे मध्ये भोक नको, आणि तिथे ऑटो-इन्क्रिमेंट कामाचं नाही. ट्रान्झॅक्शन मध्येच रोलबॅक झालं, म्हणजे अर्धवट काम मागे घेतलं गेलं, तरी त्याने घेतलेला आकडा परत जमा होत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसात आकडे वाटणाऱ्या सीक्वेन्सचंही तेच. एक आकडा दोघांना द्यायचा नाही एवढीच त्यांची जबाबदारी. सलग देण्याचं वचन त्यांनी कधी दिलेलंच नाही. म्हणून बिल नंबरासाठी दर मालिकेला एक रो, म्हणजे टेबलातली एक ओळ, ठेवली. ती लॉक करायची, आकडा वाढवायचा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बिल लिहायचं, मग कमिट, म्हणजे सगळं एकदम पक्कं. तेवढा वेळ मागचा थांबतो. बिल रद्द झालं तर खोडायचं नाही, ‘रद्द’ असा शेरा मारून ठेवायचं. हार्डवेअरच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांमध्ये मिनिटभर तरी जातंच, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही.

जिथे सेकंदाला शेकड्यांनी नोंदी पडतात तिथे असं थांबवून कसं चालेल? फोटोंची साइट चालवणाऱ्या फ्लिकरवाल्यांनी यावर जे केलं ते मला आजही या विषयातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. त्यांचे फोटो अनेक शार्डांत, म्हणजे डेटाच्या वेगवेगळ्या तुकड्यांत, विभागलेले होते आणि प्रत्येक शार्ड म्हणजे एकमेकांची नक्कल ठेवणारी सर्व्हरची जोडी. फोटो कुठल्याही शार्डात गेला तरी आयडी दुसऱ्या कशाशी धडकायला नको. लांबलचक जीयूआयडी, म्हणजे कुणाला न विचारता जगात एकमेव ठरावेत असे आयडी, त्यांना नको होते. मायएसक्यूएलच्या इंडेक्सला, म्हणजे नोंदी शोधायच्या सूचीला, ते जड जातात. मग त्यांनी फक्त आकडे वाटणारा एक डेटाबेस उभा केला, तिकीट सर्व्हर. त्यातल्या टेबलात एकच रो, आणि तिच्यात स्टब नावाच्या कॉलमात ‘ए’ हे एकच अक्षर. नवा आयडी हवा की ‘रिप्लेस इंटू’ म्हणायचं. मायएसक्यूएल ती रो काढतं, तीच पुन्हा घालतं, तेवढ्यात ऑटो-इन्क्रिमेंट पुढे सरकलेलं असतं, आणि ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ विचारून तो आकडा घेऊन जायचं. टेबल कधी वाढत नाही. दिवस मावळला तरी एकच रो. पुढे फ्लिकरवरच्या नव्या फोटोंचे नंबर त्या एका ‘ए’मधून निघाले.

हे त्यांनी सुरू केलं १३ जानेवारी २००६ ला, म्हणजे नेमक्या शुक्रवारी; तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात. तिकीट सर्व्हर एकच ठेवला असता तर तो पडल्यावर सगळंच पडलं असतं, म्हणून दोन ठेवले. एक विषम, एक सम, आणि मागणी आळीपाळीने दोघांकडे. दुरुस्तीसाठी कधी हा बंद, कधी तो. २०१० मध्ये त्यांनी याबद्दल लिहिलं तोवर विषम आकडे समांपेक्षा काही लाखांनी पुढे गेले होते आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांच्याकडे काका नव्हते.

ट्विटरने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. ते कॅसांड्रा या डेटाबेसकडे निघाले होते आणि तिथे ऑटो-इन्क्रिमेंट नावाची चीजच नाही. त्यांनी स्नोफ्लेक काढलं: ६४ बिटांपैकी ४१ मिलिसेकंदांतल्या वेळेला, १० यंत्राच्या नंबराला, १२ त्याच मिलिसेकंदातल्या क्रमाला. एका यंत्राला एका मिलिसेकंदात ४०९६ आयडी देता येतात आणि ४१ बिटांचा वेळ साधारण ६९ वर्षं पुरतो. इन्स्टाग्रामने पुढे हेच पोस्टग्रेसच्या आत बसवलं. यंत्राच्या जागी शार्डचा नंबर, १३ बिट, आणि क्रमाला १०. आयडी बघून कोणतं ट्वीट आधीचं ते ढोबळमानाने कळतं, हा वरचा फायदा. तोटा ब्राउझरमध्ये निघाला. जावास्क्रिप्टला ५३ बिटांपुढचा पूर्णांक नेमका धरता येत नाही, शेवटचे आकडे गुपचूप बदलतात. म्हणून ट्विटरला तोच आयडी, संख्या म्हणून नाही तर नुसता मजकूर म्हणून, पुन्हा एकदा पाठवावा लागला. कोणी जुनी ट्विटर एपीआय वापरली असेल तर त्यात ‘आयडी’ आणि ‘आयडी एसटीआर’ अशी जुळी भावंडं दिसायची, ती याच कारणाने.

स्नोफ्लेकची खरी भिस्त घड्याळावर. आणि सर्व्हरचं घड्याळ मागे जातं. बाहेरच्या वेळेशी जुळवून घेताना एनटीपी त्याला कधी पुढे, कधी मागे ढकलतं. मागे गेलं तर तोच मिलिसेकंद पुन्हा येणार आणि कदाचित तोच आयडीही. स्नोफ्लेक अशा वेळी साफ नकार देतं: घड्याळ जिथवर पोचलं होतं तिथवर परत येईपर्यंत आयडी मिळणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा हेकटपणा वाटला होता. आता वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

यूयूआयडीबद्दल, म्हणजे वरच्या जीयूआयडीबद्दलच, थोडक्यात, कारण तरुण मंडळी सगळ्यावर तेच औषध सांगतात. १२८ बिट, चौथ्या प्रकारात त्यातले १२२ निव्वळ यादृच्छिक. दोन आयडी धडकण्याची भीती व्यवहारात शून्य. पहिल्या प्रकारात वेळ आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता असायचा. ती वेळ १५ ऑक्टोबर १५८२ पासून मोजतात, म्हणजे ग्रेगरियन कॅलेंडर लागू झालं त्या दिवसापासून. पोपच्या आज्ञेचा दिवस आपल्या डेटाबेसात असा राहून गेलाय. वर्डच्या तेव्हाच्या फायलींत असा आयडी दडलेला असे आणि त्यात कॉम्प्युटरचा पत्ता असे, ही गोष्ट १९९९ मध्ये मेलिसा व्हायरसच्या तपासाच्या वेळी बरीच गाजली. चौथ्या प्रकारात ती चुगली नाही, पण इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा नोंदी साठवणारा भाग, रो प्रायमरी कीच्या, म्हणजे इथे आयडीच्या, क्रमाने १६ किलोबाइटच्या पानांवर मांडतं. यादृच्छिक आयडी आला की प्रत्येक नवी रो कुठल्या तरी भलत्याच पानात घुसते आणि भरलेली पानं फुटत राहतात. शिवाय ती की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्येही उतरते, त्यामुळे ८ बाइटच्या जागी ३६ अक्षरं ठेवली की तेवढा भुर्दंड सगळीकडे. २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या इंटरनेटच्या मानकाने सातवा प्रकार प्रमाण केला, पुढे मिलिसेकंद आणि मागे यादृच्छिक बिट. तो मला पटतो.

रेप्लिकेशनच्या नादात यूयूआयडीचा एक गमतीदार सापळा आहे. जुन्या पद्धतीत मास्टर, म्हणजे मुख्य सर्व्हर, रेप्लिकाला, म्हणजे त्याची नक्कल ठेवणाऱ्याला, बदललेली रो पाठवत नसे, मूळ क्वेरी, म्हणजे तो बदल करणारा हुकूम, पाठवत असे. क्वेरीत ‘यूयूआयडी()’ असेल तर मास्टरवर एक आयडी तयार होई आणि रेप्लिका तीच क्वेरी चालवून स्वतःचा दुसराच तयार करी. एरर नाही, रेप्लिकेशन थांबत नाही. दोन्ही आयडी जगात एकमेव आणि दोन्ही एकाच बिलाचे! मायएसक्यूएलने ५.७ मध्ये रो पाठवायची पद्धतच आपोआप लागू राहील असं ठरवून टाकलं तेव्हा हे मिटलं.

इथवरचे सगळे उपाय दोन सर्व्हर एकाच वेळी एकच आकडा कसा देणार नाहीत, याचे. माझ्या अनुभवात खरं दुखणं तिथे नसतं. तोच आकडा एकदा आत्ता आणि एकदा नंतर दिला जातो, तिथे असतं.

प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहबला सप्टेंबर २०१२ मध्ये हेच नडलं. मायएसक्यूएलच्या क्लस्टरमध्ये गडबड होऊन मागे पडलेला सर्व्हर मुख्य म्हणून पुढे आला. त्याच्याकडे शेवटच्या काही नोंदी पोचलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्याच्या लेखी ते आकडे अजून कोरे होते. त्याने ते नव्या नोंदींना वाटायला सुरुवात केली. मायएसक्यूएलपुरतं बघाल तर एकही डुप्लिकेट नाही, १०६२ नाही. पण जुन्या नोंदींचे तेच आयडी रेडिस या त्यांच्या दुसऱ्या डेटाबेसात आधीच जाऊन बसले होते. नव्यांना जुन्यांचे धागे जोडले गेले आणि भलत्यांच्याच डॅशबोर्डवर परक्या रिपॉझिटरींतल्या, म्हणजे कोडच्या साठ्यांतल्या, घडामोडी दिसू लागल्या. त्यात १६ खाजगी होत्या आणि त्या ७ मिनिटं उघड्या राहिल्या. गिटहबने हे सगळं स्वतःच सविस्तर लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

अशा वेळी एकच सर्व्हर असता तरी सुटका होती असं नाही. इनोडीबी पुढचा आकडा फक्त मेमरीत ठेवायचं. सर्व्हर रिस्टार्ट झाला की टेबलातला सगळ्यात मोठा आयडी बघून त्यात एक मिळवायचं. शेवटच्या रो खोडल्या असतील तर त्यांचे आकडे दुसऱ्यांना. हा बग नंबर १९९, नोंदला गेला २००३ मध्ये आणि निस्तरला २०१८ च्या मायएसक्यूएल ८.० मध्ये. या पंधरा वर्षांत किती जणांनी रो खोडून रिस्टार्ट केलं असेल, कुणास ठाऊक.

आयडी टेबलात राहत नाही, हे टेबल लिहिणाऱ्याला दिसत नाही. तो कॅशमध्ये जातो, बिलावर छापला जातो, गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर जातो, काकांच्या फाइलीत जातो. डेटाबेसमधली रो फेलओव्हरमध्ये, म्हणजे एक सर्व्हर पडून दुसरा मुख्य होताना, हरवली तरी कागदावरचा आकडा कुणाच्या तरी खिशात असतोच. म्हणून आमच्याकडे आता फेलओव्हर झाला की नव्या मास्टरवर लिहायला उघडण्याआधी प्रत्येक टेबलाची मोजणी दहा हजारांनी पुढे ढकलतो. मध्ये मोठं भोक पडतं, पडू दे. बिगइंट, म्हणजे ६४ बिटांच्या कॉलमात आकड्यांची ददात नाही. स्नोफ्लेकचा नकार मला पटू लागला तो इथे.

आकडे पुन्हा वाटण्याचा आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला प्रकार म्हणजे मोबाइल नंबर. बंद झालेला प्रीपेड नंबर ९० दिवस तरी दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर देतात. नवं सिम घातल्यावर अनोळखी माणसाच्या बँकेचे मेसेज ज्यांना आलेत त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको. नंबर देणाऱ्या कंपनीच्या टेबलात तो अगदी एकमेव असतो. बँकेच्या टेबलात मात्र अजून जुनाच माणूस. आधारचं उलट आहे. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि २०१६ च्या कायद्याच्या चौथ्या कलमातच दोन गोष्टी लिहून टाकल्यात: एकाला दिलेला क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि क्रमांक यादृच्छिक असेल, माणसाबद्दल त्यातून काही कळता कामा नये. आधारबद्दल भांडायला पुष्कळ जागा आहे, पण हे कलम ज्याने लिहिलं त्याने डेटाबेसची कामं केलेली असावीत असं मला वाटत आलंय.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो माल पोचवणाऱ्या पोरांच्या टॅबवरून. मुळशीच्या आत रेंज नसते, त्यामुळे मालासोबतचं चलन टॅबवरच तयार होतं आणि संध्याकाळी डेपोत आल्यावर सर्व्हरला जातं. आयडी सातव्या प्रकारचा यूयूआयडी, टॅबनेच दिलेला. मागच्या महिन्यात काही चलनं यादीत थेट २०१९ च्या नोंदींशेजारी जाऊन बसली. एका पोराने गेममधले संपलेले ‘लाइफ’ भरून मिळावेत म्हणून टॅबची तारीख फिरवली होती आणि परत करताना वर्ष चुकलं. आयडी धडकला नाही, मागचे यादृच्छिक बिट होतेच. क्रम तेवढा गेला. माझं म्हणणं, आयडी वेगळा आहे ना, मग नोंद घ्या आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ दुसऱ्या कॉलमात लिहा. यादी त्यावर लावा. आमची टीममधली मुलगी म्हणते, तो कॉलम घ्याच, पण सकाळी डेपोतून निघताना टॅबचं घड्याळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त चुकलेलं दिसलं, तर ॲपने चलन करूच देऊ नये. पुढच्या रिलीजमध्ये तिचंच म्हणणं जातंय. ॲप चलन करू देत नसेल तर गाडी गेटबाहेर जात नाही, आणि गाडी अडली की घड्याळ दोन मिनिटांत बरोबर होतं.